तांडेलाची वही आणि सहाशे साठ

"परक्याला दिसतं आणि घरच्याला दिसत नाही, असली कसली ही पेटी?"

वहिनी हे मला म्हणाल्या नव्हत्या. दाराकडे तोंड करून, आवाज खाली घेऊन त्या सासऱ्यांना, नाव हाकणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलांना, म्हणाल्या. पण मच्छीमारांच्या सोसायटीची ती खोली एवढीशी. तिच्यात एक टेबल, एक लोखंडी कपाट, दोन खुर्च्या आणि एक कॉम्प्युटर. तिथे हळू बोललेलंही सगळ्यांचंच होतं. शिवाय मी कमी बोलते, त्यामुळे मला कमी ऐकू येतं असं लोकांना वाटत असावं.

त्याआधी, वही उघडायला गेल्यावर, स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली होती. म्हातारे तांडेल खुर्चीत पुढे सरकून तिच्याकडे बघत होते. त्यांनी मला विचारलं, "काय लिहिलंय?"

"परवानगी नाही," मी सांगितलं.

ते हसले. "वही माझी, हात माझा, अक्षर माझं. परवानगी कोणाची घेऊ?"

वहिनींनी तोवर माउस हातात घेतला होता. त्या बाजारात सुकी मासळी विकतात. पावसाळ्यात नावा बंद असतात तेव्हा घर त्यांच्या सुक्या बोंबलांवर चालतं. घरातला मोबाइल, बँक, रेशनचा अंगठा, सगळं त्याच बघतात. त्यांनी तांडेलांचं खातं बंद केलं आणि 'पाहुणे' नावाचं खातं उघडलं. त्याला पासवर्ड नाही. बाहेरून कोणी नकाशा बघायला आलं तर त्याच्यासाठी ते ठेवलेलं. तिथून त्यांनी नावांच्या यादीवर बोट ठेवलं, आपली नाव शोधली, दोनदा टिचकी मारली. तांडेलांची वही, पान पहिलं, स्क्रीनभर उघडली.

तांडेलांनी उजव्या हाताचा पंजा पसरून स्क्रीनवर ठेवला. मोठा हात होता, तरी पान झाकलं गेलं नाही.

"बंद कर," ते म्हणाले. आता ते हसत नव्हते.

सोसायटीचे सेक्रेटरी काका चहाचा ग्लास घेऊन दारातच उभे होते. एरवी ते मला पोरी म्हणतात. त्या दिवशी म्हणाले, "मॅडम, हे काय झालं?"

मॅडमला माहीत नव्हतं.

*

मी मच्छीमारांच्या घरातली नाही. आमची चिकूची वाडी आहे, समुद्राला लागून. मी इंग्रजी शाळेत शिकले, पुढे कॉम्प्युटर घेऊन पदवी केली आणि आता तलासरीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस आहे. मुलांचे कॉम्प्युटर चालू करून द्यायचे, बंद पडले तर उघडून बघायचे. संध्याकाळची एस.टी. मला डहाणूला आणून सोडते. सोसायटीचं काम मी आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी करत होते. ते मला मिळालं त्याचं कारण काकांनी माझ्यासमोरच एकाला सांगितलं होतं: "हुशार आहे की नाही ते मला कळत नाही. पण हिच्या तोंडातून काही बाहेर पडत नाही."

त्या कामाला अशीच मुलगी हवी होती. वाढवणच्या बंदराचं बोलणं सुरू झाल्यापासून, त्यात आपला समुद्र जाईल म्हणून, आपण समुद्रात कुठे कुठे मासे धरतो ते कागदावर असायला हवं, असं सोसायटीत ठरलं होतं. पण जागा सांगणार कोण? इथे नाव किनाऱ्याला लागली आणि कोणी विचारलं, कुठे गेला होता, तर तांडेल दक्षिणेला म्हणतो. तो उत्तरेला गेलेला असतो. विचारणाऱ्यालाही ते माहीत असतं, आणि तोही उद्या हेच करणार असतो. यात कोणी कोणाला खोटारडा समजत नाही. जागा हे घराचं पोट आहे, ते कोणी उघडं करून दाखवत नाही.

म्हणून काकांनी तोड काढली. प्रत्येक तांडेलाने जागा लिहिलेली आपली वही आणायची. वहीची पानं स्कॅन होऊन कॉम्प्युटरमध्ये राहतील. ती फक्त तो तांडेल आणि त्याच्या नावेवरची माणसं बघतील. बाकीच्यांना नकाशावर दिसेल तो मोठा, ढोबळ चौकोन. तो चौकोनही तांडेलानेच पेन्सिलने काढायचा. आत जागा कुठे, ते कोणाला कळणार नाही. हे कबूल झाल्यावर दीड महिना लोक कचरत होते. मग म्हातारे तांडेल वही घेऊन आले, आणि त्यांच्यामागून बाकीचे.

स्कॅन करतानाही मला खोलीबाहेर काढत. "बाहेर उभी राहा गं जरा," वहिनी म्हणाल्या होत्या. मी व्हरांड्यात उभी राहून आतून स्कॅनरचा आवाज ऐकत होते. हिरवं बटण त्याच दाबत होत्या. तांडेल दाराशी माझ्यावर लक्ष ठेवून होते. त्यांनी विचारलं, "कोणाची गं तू?"

"इकडचीच," मी म्हणाले.

माणसं मला काही विचारतात तेव्हा मी सगळ्यात लहान खरं उत्तर देते. तांडेलांनी मान हलवली. त्यांना ते उत्तर आवडलं असावं, कारण ते त्यांच्याच पद्धतीचं होतं.

*

कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक फाइलला तीन प्रकारची माणसं माहीत असतात. मालक, मालकाचा गट, आणि बाकीचे सगळे. हे मी पहिल्यांदा शिकले तेव्हा मला फार गंमत वाटली होती. जगातली एवढी माणसं, आणि यंत्राने त्यांचे तीनच ढीग केले. सोसायटीत ते तीन ढीग चपखल बसत होते. मालक म्हणजे तांडेल. गट म्हणजे त्याच्या नावेवरचे. आणि बाकीचे म्हणजे उरलेलं डहाणू, चिंचणी आणि सगळी दुनिया.

प्रत्येक ढिगाला काय करता येईल ते एका आकड्यात सांगायचं. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक. वाचता आणि लिहिता दोन्ही यावं असं वाटलं तर सहा. काहीच नको तर शून्य. मला हवं होतं सहा, सहा, शून्य. तांडेलाला सगळं, नावेवरच्यांना सगळं, परक्याला काही नाही.

नावा बऱ्याच होत्या, आणि प्रत्येक वहीची एक फाइल. एकेका फाइलला हाताने आज्ञा देत बसण्यापेक्षा मी सी भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो फाइलींवरून एकामागून एक जातो आणि प्रत्येकीसाठी ऑपरेटिंग सिस्टिमला थेट सांगतो, हिची परवानगी बदल. मंगळवारी संध्याकाळी मी तो चालवला. एकही तक्रार आली नाही. काम झालं की नाही ते बघायला मी एक फाइल उघडली.

इथे थांबून खरं लिहायला हवं. मी तेव्हा रूट होते. रूट म्हणजे कॉम्प्युटरची देखभाल करणाऱ्याचं खातं. त्याला कुठलीही फाइल अडवत नाही, परवानगी काहीही असो. म्हणजे मी उघडून बघण्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. आणि वह्या बघायच्या नाहीत असा शब्द मी काकांना दिला होता. एक नजर टाकायची आणि बंद करायची, असं मी स्वतःला सांगितलं. यादीतलं कुठलंही नाव चाललं असतं. मी म्हाताऱ्या तांडेलांचं निवडलं.

पान पिवळं पडलेलं होतं. कोपऱ्यात तेलाचा डाग. अक्षरं अर्धी मराठी, अर्धी गुजराती, बऱ्याच शब्दांच्या डोक्यावर रेघच नाही. लहानपणी ते गुजराती शाळेत गेले असावेत, आमच्या आजोबांसारखे. मला वाचायला वेळ लागला, आणि वेळ लागला म्हणूनच मी वाचत राहिले. त्यात आकडे नव्हते, अक्षांश-रेखांश नव्हते. त्यात किनाऱ्यावरच्या वस्तू होत्या. देवळाचा कळस. वीजघराची चिमणी. मिठागराकडची पांढरी भिंत, आणि तिच्यापुढे कंसात, पडली. समुद्रात उभं राहून दोन वस्तू एका रेषेत आणायच्या, मग दुसरीकडे बघून आणखी दोन, आणि दोन रेषा जिथे कापतात तिथे खाली खडक. घोळ मासा मिळतो तो खडक.

तिसऱ्या पानावर, ज्या खडकाभोवती त्यांनी दोनदा पेन फिरवलं होतं, तिथे लिहिलं होतं: वाडीवाल्याचे दोन ताड. दोघांच्या मधोमध महालक्ष्मीचा सुळका.

दुसरी रेष मी इथे लिहिणार नाही.

ते दोन ताड आमचे आहेत. वाडीच्या पश्चिमेच्या कुंपणाशी, पंपघराच्या बाजूला. किनाऱ्यावर उंच ताडांची अशी जोडी दुसरी नाही. मी त्यांच्याखाली मोठी झाले आणि महालक्ष्मीचा सुळका मला त्यांच्यामधून कधी दिसला नाही, कारण आमच्या वाडीतून डोंगर दिसतच नाही, चिकूची झाडं आड येतात. तो तिथे आहे तो फक्त पाण्यावरून बघणाऱ्याला. मी चारही पानं वाचली. मग कॉम्प्युटर बंद केला, कुलूप लावलं, किल्ली काकांच्या घरी दिली.

गुरुवारी वहिनींनी तो उघडला.

*

"आधी हे सांग," त्या गुरुवारी काका म्हणाले, "मंगळवारनंतर कोणी बघितलं का?"

"कॉम्प्युटर बंद होता," मी म्हणाले. "किल्ली तुमच्याकडे होती."

"होती. माझ्या खिशात." काका तांडेलांकडे वळले, जरा सैल होऊन. "म्हणजे कोणीच नाही बघितलं, तांडेल. यंत्र बंद, खोली बंद."

"हे यंत्र सांगतं का, कोणी बघितलं ते?" तांडेलांनी विचारलं. त्यांनी ते मला विचारलं.

फाइल शेवटची कधी वाचली गेली, ती वेळ यंत्र लिहून ठेवतं. कोणी वाचली ते नाही. मी यादी काढून दाखवली. तांडेलांच्या फाइलीपुढे आजची, पाच मिनिटांपूर्वीची वेळ होती. वहिनींनी उघडल्याची. शेवटची तेवढीच वेळ राहते, आधीची तिच्याखाली पुसली जाते. पाच मिनिटांपूर्वी तिथे मंगळवार होता. आता तो नव्हता, आणि तो होता हे एकट्या मलाच माहीत होतं.

"ही आत्ताची वेळ आहे," मी म्हणाले. सगळ्यात लहान खरं उत्तर.

तांडेल उठले. "शनिवारी येतो. तोवर नीट कर. पटलं तर वही राहील यात. नाही पटलं तर माझ्यासमोर पुसायची."

ते गेल्यावर काकांनी चहा प्यायला घेतला आणि थंड झाला म्हणून खिडकीतून बाहेर फेकला. "त्याने वही काढली ना, तर बाकीचे दुसऱ्या दिवशी रांग लावून काढतील. मग चौकोन राहतील नुसते. चौकोन तर पोरंही काढतात." मग रिकामा ग्लास टेबलावर ठेवून, "शनिवारी तू जास्त बोलू नकोस. बोलायचं मी बघतो. तू फक्त कळ दाब."

मला असं सांगावं लागत नाही.

*

शुक्रवारी तलासरीत मी प्रयोगशाळेतल्या सरांना प्रोग्रॅम दाखवला. वह्यांबद्दल नाही सांगितलं. फक्त म्हणाले, मालकाला दिसत नाही आणि परक्याला दिसतं. आमचे सर तलासरीच्याच पाड्यावरचे. घरी वारलीत बोलतात, वर्गात मराठीत, आणि कॉम्प्युटर अडला की गुजरातीत. त्या दिवशी ते मराठीतच राहिले, म्हणजे चूक त्यांना लगेच दिसली होती.

"हा आकडा काय लिहिलास?"

"सहाशे साठ."

"कुठले सहाशे साठ?"

प्रश्न मला कळला नाही. त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "आठने भाग. बाकी लिहीत जा."

सहाशे साठला आठने भागलं, ब्याऐंशी, बाकी चार. ब्याऐंशीला आठने, दहा, बाकी दोन. दहाला आठने, एक, बाकी दोन. उरला एक. खालून वर वाचलं तर एक, दोन, दोन, चार.

मी फळ्यासमोर उभी राहिले. परवानगीचे आकडे आठच्या हिशोबाने वाचले जातात, दहाच्या नाही. हे मला माहीत होतं. पण स्क्रीनवर हाताने आज्ञा देताना नुसते सहाशे साठ लिहिले तरी चालतात, कारण ती आज्ञा पुढे निरोप देण्याआधी आपण होऊन आकडा आठचा मानते. प्रोग्रॅममधून थेट सिस्टिमला सांगताना मध्ये असं समजून घेणारं कोणी नसतं. तिथे आकड्याच्या आधी एक शून्य लिहावं लागतं, तेव्हा तो आठचा होतो. शून्य नसेल तर तो बाजारातल्यासारखा साधा सहाशे साठ.

पहिल्या एकाला फाइलींच्या बाबतीत कोणी विचारत नाही. पुढचे तीन बघितले. मालकाला दोन, म्हणजे लिहिता येईल, वाचता येणार नाही. नावेवरच्यांना दोन, तसंच. बाकी सगळ्यांना चार, म्हणजे वाचा.

मला हवं होतं त्याच्या बरोबर उलट. कोणी मुद्दाम करायचं ठरवलं असतं तरी इतकं अचूक जमलं नसतं. मला शरम वाटायला हवी होती, आणि वाटत होतीही, पण त्याआधी मला ते फार सुंदर वाटलं. मी पुन्हा भागाकार केला. पुन्हा तेच आलं.

"तू सांगितलंस तेच केलंय त्याने," सर म्हणाले. "भांडायचं तर स्वतःशी भांड."

दुपारी मुलं जेवायला गेली तेव्हा मी त्यांना आणखी एक विचारलं. कोणी आधीच फाइल उघडून बसला असेल आणि मग परवानगी काढून घेतली, तर काय होतं?

"करून बघ ना."

मी दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. फाइल उघडतो, अर्धं मिनिट थांबतो, मग वाचतो. तो थांबलेला असताना दुसऱ्या खिडकीतून मी सगळ्यांच्या सगळ्या परवानग्या काढून घेतल्या. शून्य, शून्य, शून्य. आणि वाट बघत बसले. अर्धं मिनिट झालं आणि त्याने सगळी फाइल वाचून दाखवली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

"दारात विचारतात," सर डबा उघडत म्हणाले. "आत गेलेल्याला कोण विचारतंय?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "माझा भाऊ खलाशी होता, तुमच्याच डहाणूच्या एका नावेवर. तो सांगतो, जागा जवळ आली की तांडेल सगळ्यांना किनाऱ्याकडे पाठ करून बसवायचा. मी किनाऱ्याकडे बघतो, तुम्ही जाळ्याकडे बघा. चार वर्षं गेला, जागा कुठे ते कळलं नाही त्याला."

"कधीच नाही?"

"एकदा मान वळली."

"मग?"

"मग काय. दिसलं ते दिसलं. आता तो त्या नावेवर नाही, केव्हाच सोडली. पण डोळे कोणाला परत देणार?" ते हसले. "सांगत नाही मात्र कोणाला. मला पण नाही."

मी विचारणार होते, त्याने तांडेलाला सांगितलं का, की माझी मान वळली होती. विचारलं नाही. सरांनी माझ्याकडे लोणच्याची बाटली सरकवली.

*

घरी आले तेव्हा ओट्यावर झाडं तोडणारा माणूस बसला होता. बाबा त्याला पंपघराकडे हात करून दाखवत होते.

ते बोलणं जुनं होतं. दोन वर्षांपासून उत्तरेकडचा ताड पंपघरावर कलत होता. ताडी काढणारा येईनासा झाला होता. या पावसातल्या वाऱ्याने ताड आणखी कलला, आणि त्याची एक सुकलेली झावळी पत्र्यावर पडून पत्रा फुटला होता. एवढी वर्षं हे बोलणं माझ्या कानावरून जात होतं, पावसाच्या अंदाजासारखं.

"दोन्ही पाडणार?" मी विचारलं.

"एकच. उत्तरेचा," बाबा म्हणाले. "परवा, रविवारी. मोटार वाचायला नको?"

"तुला काय झालं ताडाचं?" आईने आतून विचारलं.

"काही नाही."

मी कुंपणापर्यंत गेले. समुद्राकडे पाठ करून उभी राहिले आणि दोन बुंध्यांमधून बघितलं. चिकू, चिकूमागे चिकू, त्यामागे राखाडी आभाळ. डोंगर कुठेच नाही. मग भरती नव्हती म्हणून कुंपणाबाहेर पडून वाळूवर उतरले, चपला हातात घेतल्या आणि मागे मागे चालत गेले. पाणी गुडघ्याला लागलं तरी सुळका दिसला नाही. तो आणखी खूप आत गेल्यावर दिसत असणार, जिथे मी कधी जाणार नाही.

नावांची बंदी उठायला आठवडा होता. तांडेलांच्या मुलाकडे जीपीएस आहे, पण त्यात ते जागा साठवत नाहीत. बंदरावरच्या सगळ्या नावांची यंत्रं दुरुस्त करणारा एकच माणूस आहे, आणि यंत्र उघडलं की त्याला सगळं दिसतं. ते खोलीत हे काकांना सांगत होते तेव्हा मी केबल शोधत टेबलाखाली होते. म्हणजे त्या खडकासाठी त्यांच्याकडे वही आहे आणि डोळे. पहिल्या दिवशी ते जातील आणि किनाऱ्यावर एकच ताड असेल. ते मधोमध कशाच्या बघतील?

बाबांना थांबवायला सांगता आलं असतं. का थांबवायचं, हे मग सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचा अधिकार माझा नव्हता. तो ज्यांचा होता त्यांना सांगायचं तर त्यांची वही मी वाचली हे त्यात आलंच. मग ते शनिवारी म्हणतील, पूस. त्यांच्यामागून रांग लागेल. काकांचे नुसते चौकोन उरतील. आणि मी गप्प बसले तर यातलं काहीच होणार नव्हतं. वाचल्याची वेळसुद्धा पुसली गेली होती.

रात्री मला झोप लागली. हेही खरं लिहायला हवं. मला वाटलं होतं लागणार नाही.

*

शनिवारी मी लवकर जाऊन प्रोग्रॅममध्ये सहाच्या आधी शून्य लिहिलं आणि तो पुन्हा चालवला. या वेळी मी काहीही उघडलं नाही. फक्त यादी बघितली. मालक वाचतो लिहितो, गट वाचतो लिहितो, पुढे तीन नुसत्या आडव्या रेघा.

तांडेल आणि वहिनी आले. काकांनी स्वतः खुर्ची पुसली. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं.

"बघा तरी," वहिनी म्हणाल्या, "आज न सांगताच वळली."

वही उघडली. त्यांनी चारही पानं पुढे-मागे करून बघितली. मग खातं बंद करून पाहुणी झाल्या, आणि तीच इंग्रजी ओळ आली. आता ती त्यांना पाठ होती.

"परवानगी नाही," त्यांनी सासऱ्यांना वाचून दाखवलं. "आता बरोबर. परक्याला नाही."

"झालं," काका म्हणाले. "एका शून्याचा घोटाळा होता, तांडेल. पोरीने शोधून काढला. मग ठेवायची ना वही?"

तांडेल माझ्याकडे बघत होते. समुद्रावर खूप वर्षं घालवलेली माणसं बघतात तसं, डोळे बारीक करून, जसं काही मी लांब होते.

"आता सांग. कोण कोण बघू शकतं?"

"तुम्ही आणि तुमच्या नावेवरचे," काका म्हणाले. "बस्स."

"मी तिला विचारलं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. कळ दाब, बोलू नकोस.

"तुम्ही," मी म्हणाले. "तुमच्या नावेवरचे."

"आणि?"

एवढंच विचारलं त्यांनी. कदाचित सवयीने. कोणी जागा सांगितली की ते असंच विचारत असतील, कारण पहिलं उत्तर कधी पूर्ण नसतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? मी टेबलाची कड धरली. वहिनींनी पिशवीत घातलेला हात तसाच थांबवला. मी त्यांना तोवर काहीच म्हटलं नव्हतं, ना आजोबा, ना तांडेल, आणि आता कुठून सुरुवात करायची ते माझ्याकडे तयार नव्हतं. जे आधी बाहेर आलं ते असं होतं:

"आजोबा, तुमच्या वहीतले दोन ताड आमच्या वाडीतले आहेत. मी मंगळवारी वाचलं. उत्तरेचा उद्या पाडणार आहेत."